दाजींच्या दहाव्याला मी काय बोललो

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी माईक लागतो. एका बाजूला मुंडण, पिंड वगैरे चालू असतं आणि दुसऱ्या बाजूला मांडवात प्रवचन. प्रवचन आटोपलं की श्रद्धांजलीची भाषणं. आधी सरपंच बोलतात. मग माजी सरपंच बोलतात, कारण सरपंच बोलले. कारखान्याकडचं कुणी आलं असेल तर ते बोलतात, पतसंस्थेचे चेअरमन बोलतात, आणि गेलेल्या माणसाला यांतल्या कुणी जन्मात पाहिलेलं नसलं तरी प्रत्येकाला 'अतीव दुःख' झालेलं असतं. ऊन चढायला लागतं. मागची माणसं हळूच उठून आपापल्या गाड्यांकडं सरकतात, आणि तेवढ्यात पुकारा होतो, "आता गुरुजी दोन शब्द बोलतील." सरकणारी माणसं पुन्हा बसतात.

ते गुरुजी म्हणजे मी. माणसं पुन्हा बसतात हे मी मुद्दाम लिहिलं, त्यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. अकोले तालुक्याच्या डोंगरात सुरुवात आणि नेवाशाला शेवट. निवृत्त झाल्यावर खडू सुटला, पण बोलायची खोड सुटली नाही, आणि फुकट बोलणारा माणूस लोकांना हवाच असतो. हळूहळू आजूबाजूच्या गावांत असं झालं की दहावा म्हटला की महाराज ठरवायचे, मांडव सांगायचा आणि मला फोन करायचा.

माझं भाषण इतरांपेक्षा वेगळं असायचं. बाकीचे गेलेल्याचे गुण गायचे. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे. हे शब्द मी इतक्या मयतांना चिकटवलेले ऐकलेत, की एखादा भांडखोर आणि आळशी माणूस आमच्या तालुक्यात कधी मेलाच नाही की काय असं वाटावं. माझा मुद्दा सरळ होता. माणूस गेला, बोलण्यानं तो परत येत नाही. मागचं उगाळत बसण्यापेक्षा पुढं काय वाढून ठेवलंय ते बघा. विहिरी आटताहेत, पोरांची लग्नं जमत नाहीत, घरोघर शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यावर बोला. 'पुढं बघा' हे माझं शेवटचं वाक्य असायचं, आणि ते म्हणताना मी हात नदीकडं करायचो. नदीला पाणी असो वा नसो.

हे नाटक नव्हतं, मला खरंच तसं वाटायचं. पारावर बसून 'आमच्या वेळी' सुरू करणारी माणसं दिसली की माझं डोकं उठतं. त्यांच्या वेळी विहिरीला पाणी होतं, मान्य. पण आता नाही त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. शाळेत असताना इतिहासाचा तास मी बऱ्याचदा गणिताला देऊन टाकायचो. पोरं कुरकुरायची, मी म्हणायचो, गणित पुढं उपयोगी पडेल.

मागच्या थंडीत माझे दाजी गेले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान; बहिणीला मी अक्का म्हणतो. नदीपलीकडच्या गावात त्यांची ऊस-कांद्याची शेती, मळ्यातच घर. सकाळी गव्हाला पाणी देऊन आले, ओट्यावर बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. अक्का कप घेऊन तशीच उभी राहिली.

दहावा प्रवरेच्या काठावर झाला. गर्दी दांडगी होती. आमच्याकडं सुतकात बाप्या माणूस बोडक्या डोक्यानं वावरतो, आणि दहाव्याला सोयऱ्यांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली की दुखवटा उतरायला लागतो. भाच्याच्या नुकत्याच मुंडण केलेल्या डोक्यावर सोयरे एकेक नवी टोपी चढवत होते. दुसरी चढवायची म्हणून पहिली काढायची, तिसरीसाठी दुसरी. बाजूला टोप्यांचा ढीग झाला होता आणि भाचा त्या सगळ्या प्रकारात लहान मुलासारखा मान पुढं करून बसला होता.

तेव्हा मी माईकवर होतो. सख्खा मेव्हणा म्हणून शेवटचा मान माझा. त्या दिवशी माझा सूर फार चांगला लागला. विहिरींवर बोललो. पोरांच्या लग्नांवर बोलताना तर मागच्या रांगेतले बाप माना डोलवायला लागले. शेतीत पोरं राहत नाहीत आणि शहरात गेलेली परत येत नाहीत, मग दहा-पंधरा वर्षांनी या नदीकाठी माईक लावायला तरी कोण असेल, असं मी विचारलं तेव्हा मांडव चिडीचूप झाला. शेवटी हात नदीकडं करून 'पुढं बघा' म्हणालो आणि बसलो. नंतर चहाच्या वेळी लोक येऊन सांगत होते, "गुरुजी, लई मुद्द्याचं बोललात. घरातलं दुःख असून बी ढळला न्हाईत." 'ढळला नाहीत' हे मला फार आवडलं. घरी जाईपर्यंत मी ते मनात घोळवत होतो.

पुढं मी अक्काचं भविष्य हातात घेतलं. वारस नोंद करायची होती, तिचे गुडघे दाखवायचे होते, माळवद गळत होतं. भाचा नगरला एमआयडीसीत कामाला, तिथंच त्याचा फ्लॅट. आई मळ्यात एकटी कशी राहणार, या विचारानं त्याला झोप नव्हती. त्यानं आणि मी बसून ठरवलं की वर्षश्राद्ध झालं की अक्काला नगरला न्यायचं, जमीन वाट्यानं द्यायची आणि घराला कुलूप लावायचं. यातलं एकही काम चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. अक्काला आम्ही विचारलं नाही असंही नाही. ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं.

कागद घेऊन मी मळ्यात गेलो की ती दोन मिनिटं ऐकायची आणि मग तिचा चेहरा बदलायचा.

"ऐक की. एकदा नगरच्या स्टँडवर ह्यांनी टोपी टाकली..."

"माहीत आहे गं मला ते," मी म्हणायचो. "आता हे बघ, आधार कार्डाची झेरॉक्स कुठं ठेवलीस?"

ती उठून झेरॉक्स शोधायला लागायची.

टोपीचं सगळ्या गावालाच माहीत होतं. दाजींकडं आलेला पाहुणा एसटीत उभा राहून गेला असं कधी झालं नाही. दाजी फाट्यापर्यंत सोडायला यायचे. गाडी पुरती थांबायच्या आत टाचा उंच करून खिडकीतून आपली पांढरी टोपी एखाद्या मोकळ्या सीटवर टाकायचे. मग पाहुण्यानं दमानं चढायचं, टोपीच्या जागी बसायचं आणि टोपी खिडकीतून परत द्यायची. रुमाल किंवा पिशवी लोक खुशाल उचलून बाजूला ठेवतात, पण दुसऱ्याच्या डोक्यावरच्या टोपीला हात लावायला माणूस कचरतो, हे दाजींनी ओळखलं होतं. मी गाडी चालवत नाही, उभ्या जन्मात एसटीनंच हिंडलो, आणि त्या टोपीच्या जिवावर कितीतरी वेळा बसून आलो. एकदा टोपी आतच राहिली आणि गाडी निघून गेली, ही गोष्ट अक्का सुरू करायची. तिची सुरुवात मी इतक्या वेळा ऐकली होती की ती मला पाठ आहे अशी माझी खात्री होती.

उन्हाळ्यात एकदा वारस नोंदीचा उतारा हातात आला म्हणून मी भर दुपारी मळ्यात गेलो. दार लोटलेलं होतं. आतून माझाच आवाज येत होता. भाच्यानं दहाव्याचं शूटिंग करवून घेतलं होतं आणि ते आईच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं होतं, हे मला माहीत होतं. अक्का ते लावून बसेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मी ओट्यावरच थांबलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चप्पल पायात तशीच ठेवून मी ऐकत उभा राहिलो. आवाज भरदार आला होता. विहिरींचा मुद्दा आला, मग लग्नांचा आला. मध्येच आवाज थांबला, मागं गेला आणि तेच वाक्य पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, तिला आवडलेलं दिसतंय. थोड्या वेळानं पुन्हा थांबला, पुन्हा मागं गेला. मग मी दार ढकललं.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. मोबाईल दोन्ही हातांत, डोळ्यांपासून लांब धरलेला.

"आवडलं का भाषण?" मी विचारलं. आज हे लिहिताना हात जड होतो, पण मी विचारलं.

"चांगलंच हाय रं," ती म्हणाली. "पर हे कुठं हायेत ह्यात?"

"कोण?"

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं मान वळवली. "हे. समदं ऐकलं मी. म्हनलं, हितं न्हाई तर पुढं असंल. पुढं बी न्हाई. मग वाटलं, माझ्याच हातनं मधलं काय निसटलं, म्हनून माघारी घेऊन घेऊन ऐकती. हिरीचं हाय, पोरांच्या लग्नाचं हाय, शुगरचं हाय. ह्यांचं काईच कसं न्हाई?"

तिनं हे रागानं विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला आयुष्यभराची सवय आहे. पण ती खरोखरच विचारत होती. एवढ्या मोठ्या भाषणात तिचा माणूस कुठंतरी ठेवलेला असणार, आणि कुठं ठेवलाय ते ठेवणाऱ्याला नक्की माहीत असणार, असं तिला वाटत होतं. एखादी वस्तू कुठल्या कोनाड्यात आहे ते घरातल्या माणसाला विचारावं, तसं ती मला विचारत होती.

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि उगाच काहीतरी शोधल्यासारखं करत सगळं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. दाजींचं नाव सुरुवातीला एकदा आलं होतं, आणि तेही माझी ओळख करून देणाऱ्यानं घेतलं होतं.

"वेळ कमी होता, अक्का," मी म्हणालो. "राहून गेलं."

"वेळ कुठं कमी हुता? तू लई येळ बोललास की." हेही ती साधेपणानंच म्हणाली. मग तिनं मोबाईल पदरानं पुसला आणि बाजूला ठेवला. "नगरला जायाचं तर जाईन मी. माझं कायबी म्हननं न्हाई. पर तिकडं ह्यांना कोन वळखतंय? ह्यांची टोपी हितल्या लोकांनी बघितलीया. मी हितनं जायच्या आदी ह्यांचं कुनीतरी एकदा बोलावं, चार मानसांत. एवढंच वाटतं."

"वर्षश्राद्धाला मी बोलतो," मी म्हणालो. "फक्त दाजींचं बोलतो. विहिरीचं नाव काढत नाही." ती हसली. मला त्या हसण्यानं आणखीच मेल्यासारखं झालं.

परत येताना मी नदीच्या पुलावरून चालत आलो. खाली दहाव्याची जागा दिसत होती. तिथं उभं राहून मी किती गावांच्या किती माणसांना निरोप दिला असेल! आणि त्या प्रत्येक घरात आता मोबाईल आहे. कुठली तरी आई, कुठली तरी बायको माझा आवाज असाच मागं घेत घेत ऐकत असेल आणि आपल्याच हातून काही निसटलं असं समजत असेल. हा विचार आला आणि मी कठड्याला धरून थांबलो. पुढचं बोलायला काही लागत नाही. ते अजून घडलेलंच नसतं, त्यामुळं त्यात चूक काढायला कुणी उठत नाही. मागचं बोलायचं तर तो माणूस माहीत असावा लागतो. शिवाय दाजींचं एक वाक्य जरी मी त्या दिवशी बोललो असतो तरी माईकवर रडलो असतो, हे मला आतून ठाऊक होतं. लोक ज्याला 'ढळला नाहीत' म्हणत होते ती नुसती पळापळ होती. पळणाऱ्याला पुढची दिशा बरी पडते, एवढंच.

असं सगळं कळल्यावर माणूस सुधारतो असा कुणाचा समज असेल, तर पुढचं ऐका.

वर्षश्राद्धाच्या आधी मी मुद्दाम मळ्यात गेलो. आज कागद नाहीत, उतारे नाहीत, फक्त ऐकायला आलोय, असं अक्काला सांगितलं. तिला फार आनंद झाला. आलं घालून चहा केला, पाट टाकला, समोर बसली.

"टोपीचंच सांग," ती म्हणाली. "लोकांना लई आवडंल ते. एकदा नगरच्या स्टँडवर..."

"ते माहीत आहे मला. ते सांगणारच आहे. दुसरं काहीतरी सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुला समदं ठावं हाय?"

"हो गं. टोपी गाडीत राहिली आणि गाडी गेली, तेच ना?"

"व्हय," ती म्हणाली. "तेच." मग तिनं रिकामे कप चुलीकडं सारले. "दुसरं काय सांगू? रोजचंच हाय समदं." तेवढ्यात भाच्याचा फोन आला. कपाट टेम्पोत बसेल का, गहू कुणाला द्यायचा, असं त्याचं चाललं होतं, आणि मी त्यात रमलो. निघताना मला वाटलं, तयारी चांगली झाली.

वर्षश्राद्धाचा मांडव मळ्यातच, घरासमोर घातला होता. आतलं सामान बांधून ठेवलेलं दारातून दिसत होतं. प्रवचन झालं, आणि या वेळी दुसरं कुणी न बोलता मला एकट्यालाच बोलू द्यावं असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. मी उभा राहिलो. "आज मी पुढचं काही बोलणार नाही," मी म्हणालो. माणसांनी माना वर केल्या. मग मी दाजींची टोपी सांगितली. ती कशी टाकायचे, टाचा कशा उंच करायचे. लोक हसले. म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. माझा जम बसत चालला होता.

"आणि एकदा काय झालं," मी म्हणालो, "मी नगरहून निघालो होतो. दाजी मला सोडायला स्टँडवर आले होते. गर्दी मरणाची. दाजींनी नेहमीप्रमाणं माझ्यासाठी टोपी टाकली. मी चढलो, बसलो, आणि टोपी परत द्यायच्या आत गाडी सुटली! माझे दाजी, माझ्यासाठी, बोडक्या डोक्यानं तिथं..." इथं मला खिशातला रुमाल काढावा लागला. खराच लागला, त्यात खोटं काही नव्हतं.

"तुझ्यासाठी न्हाई."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. अक्का मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली होती.

"तुझ्यासाठी न्हाई टाकली ती. आईसाठी टाकली. आईच्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा. तू कुठं हुतास? तू अकोल्याला हुतास. तुला रजा न्हाई भेटली."

रजा मी मागितलीच नव्हती. शाळेची तपासणी यायची होती आणि बढतीचं माझ्या डोक्यात होतं. आईचं ऑपरेशन काय, दाजी बघतील. इतकी वर्षं मी त्या सीटवरून आईला उठवून तिथं स्वतःला बसवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. मग मी माईक घेऊन अक्काकडं गेलो. ती माईकला हात लावेना, म्हणून मीच तिच्या तोंडापुढं धरून उभा राहिलो.

"आईच्या डोळ्याला हिरवी पट्टी," अक्का सांगायला लागली. "हे आनायला गेल्ते. टोपी टाकली, आईला नेऊन बसवलं, अन् पिशवी खालीच राहिली म्हनून हे उतरले. तेवढ्यात गाडी सुटली. टोपी आईच्या मांडीवर, अन् हे स्टँडवर. कंडक्टर भला मानूस, त्यानं आईला फाट्यावर हात धरून उतरवलं. तिथनं ती एकाच्या बैलगाडीत बसून परबारी मळ्यात आली. गावात कुनाला पत्त्या न्हाई. अन् हे आले मागच्या गाडीनं, दिस कलताना. डोकं बोडकं, अन् हातात आईची पिशवी."

पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं इथंच हसायला लागली. त्यांना ते आठवत होतं. सासूला आणायला दवाखान्यात गेलेला जावई तिची पिशवी घेऊन एकटाच परत येतो आणि त्याच्या डोक्यावर टोपी नाही, याचा त्या काळी एकच अर्थ होता.

"पारावरची मानसं उठली. कुनी काय इचारंना. असलं कसं इचारायचं? नुसती मागं मागं चालाया लागली. ह्यांना वाटलं, आईच्या डोळ्याची चवकशी कराया निघाली असतील, चांगली मानसं हायेत. म्हनून ह्यांनी बी काय इचारलं न्हाई. वाटंनं आनखी मानसं मिळाली. बाया तोंडाला पदर लावून आल्या. मी चुलीम्होरं भाकरी थापीत हुते. बघती तर समदं गाव मळ्यात, अन् म्होरं हे, बोडके! माझ्या हातातली भाकरी पडली. मला वाटलं, नंदंच्या घरचं कुनी गेलं. मी गळा काढला. मला बघून बायांनी काढला. टोपी आईपाशी हाय हे एकट्या मला ठावं हुतं बघा, अन् पयला गळा मीच काढला! अन् आई ओट्यावर बसलेली. डोळ्याला ऊन लागतंय म्हनून ह्यांची टोपी डोक्यात घातलेली तिनं. ती आपली इचारती, अगं कोन गेलं, कोन गेलं?"

मांडव फुटला. वर्षश्राद्धाच्या मांडवात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. भाचा डोळे पुसत हसत होता. त्यालाही हे पुरतं माहीत नव्हतं. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. वर्षभर ही गोष्ट माझ्या बहिणीच्या तोंडाशी येत होती आणि दर वेळी मी तिला झेरॉक्स शोधायला पाठवत होतो.

"एवढी मानसं आली म्हनून ह्यांनी समद्यांना गुळाचा च्या पाजला," अक्का म्हणाली. "लई हसायचे हे त्याच्यावर." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं. "अन् ह्या मास्तरचं बी सांगायचे. कुनाच्या दहाव्यावरनं घरी आले का म्हनायचे, मास्तर बोलतो ब्येस. पर माझ्या दहाव्याला त्यो बोलला, तर गेलंय कोन हेच लोकांना कळायचं न्हाई."

मांडव पुन्हा हसला. मीही हसलो, कारण सगळे माझ्याकडं बघत होते. माईक अजून मीच धरला होता. दाजींना ठाऊक होतं. माझ्या प्रत्येक भाषणाला ते मांडवात बसायचे, शेवटपर्यंत ऐकायचे, आणि भाषण झालं की फाट्यावर येऊन माझ्यासाठी टोपी टाकायचे. मला जागा मिळेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे. तोंडावर कधी एक अक्षर बोलले नाहीत.

अक्का खांबाला धरून सावकाश खाली बसली. "झालं माझं," ती म्हणाली. "बोल आता तुझं पुढचं."

त्यात टोमणा नव्हता. माझं भाषण तिनं मध्येच तोडलं होतं, ते मला परत देत होती. मी माईक तोंडाशी आणला. समोर माणसं अजून डोळे पुसत होती. दारातून बांधलेलं सामान दिसत होतं. "जेवून जा सगळ्यांनी," एवढं म्हणून मी माईक खाली ठेवला.